बारीक अक्षरातला संगणक

पहिला पीसी स्वतः जोडायचा म्हटलं की माणूस आधी प्रोसेसरची नावं वाचायला लागतो. मीही तिथूनच सुरू केलं. इंटेलचा कोअर आय-फाइव्ह की आय-सेव्हन, एएमडीचा रायझेन पाच की सात, किती कोअर (म्हणजे प्रोसेसरच्या आत काम करणारे हात), किती गिगाहर्ट्झ. ही माहिती मिळवायला कष्ट पडत नाहीत, ती खोक्यावरच ठळक छापलेली असते. हळूहळू लक्षात येतं, की मोठ्या टायपातलं जे असतं ते विकणाऱ्याच्या सोयीचं असतं आणि आपलं घोडं जिथे अडणार असतं ते मॅन्युअलच्या मधल्याच कुठल्यातरी पानावर, तक्त्याखालच्या तारांकित टिपेत दडलेलं असतं. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरची उंची मिलिमीटरमध्ये. प्रोसेसरच्या नावाच्या शेपटाला एक अक्षर. ‘दुसरा एम.२ स्लॉट वापरल्यास साटा पोर्ट ५ व ६ बंद राहतील.’ म्हणजे एका खाचेत डिस्क लावली, की डिस्कच्या दुसऱ्या दोन जागा गेल्या. मला या बारीक अक्षरांची गोडी लागली. खरं सांगायचं तर संगणकापेक्षा जास्त लागली.

माझं काम आवाजाचं आहे. लांबलचक मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकायची, खोकले-खाकरे कापायचे, मागची घरघर काढायची आणि तयार फाइल पुढे पाठवायची. मधूनमधून फोटोंवर थोडं काम. त्यामुळे पहिली अट अशी, की यंत्र गप्प बसलं पाहिजे. दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगमधली घरघर काढताना स्वतःच्याच टेबलाखालची घरघर ऐकू यावी, यासारखा वैताग नाही. भाच्याला ही अट अगदीच मिळमिळीत वाटली. त्याने स्वतःचा पीसी जोडलाय, मित्रांचेही जोडून दिलेत, त्यामुळे या विषयात त्याचा शब्द शेवटचा असतो असं निदान त्याला वाटतं.

“मावशी, अर्धं बजेट ग्राफिक्स कार्डाला गेलं पाहिजे. नियमच आहे तो.”

“अरे, पण मी गेम खेळत नाही.”

“आत्ता नाही खेळत.”

त्याचा नियम त्याच्यापुरता बरोबर आहे. पण तो कुठून येतो हे बघायला गेले तेव्हा कळलं, की यादीची सुरुवात प्रोसेसरपासूनही करायची नाही आणि कार्डापासूनही नाही, मॉनिटरपासून करायची. अजूनही कोणी विचारलं तर मी हेच सांगते. फुल एचडी पडदा म्हणजे १९२० गुणिले १०८०, जवळपास २१ लाख ठिपके. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख, बरोबर चौपट. गेममध्ये हे सगळे ठिपके सेकंदाला ६० किंवा १४४ वेळा नव्याने रंगवायचे असतात आणि ते काम ग्राफिक्स कार्डाचं. कोण कुठे उभं आहे, गोळी कुणाला लागली, दार उघडलं की नाही, हा हिशेब प्रोसेसरचा. पडदा लहान असो की मोठा, तो तेवढाच राहतो. म्हणून प्रोसेसर आणि कार्डाची तीच जोडी लहान पडद्यावर प्रोसेसरपाशी अडते आणि मोठ्या पडद्यावर कार्डापाशी. ‘या जोडीत इतके टक्के बॉटलनेक’ असे जे आकडे लोक एकमेकांना फेकून मारतात ते मला निव्वळ थापा वाटतात. पडदा कुठला, काम कुठलं, हे विचारल्याशिवाय दिलेलं उत्तर आहे ते. प्रत्येक यंत्रात कोणीतरी आधी दमणारच. आपल्या कामात कोण दमतं तेवढं बघावं.

माझ्या कामात दमतो प्रोसेसर, आणि त्यातही त्याचा एखादाच कोअर. आवाजाचं सॉफ्टवेअर ध्वनीचे छोटे तुकडे करून एकेक पुढे ढकलत असतं. सेकंदाला ४८,००० नमुने आणि एका तुकड्यात २५६ नमुने धरले, तर तो तुकडा तयार करायला ५.३ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात आटपलं नाही की कानात ‘टक्’ असा आवाज येतो. आता एकाच ट्रॅकवर चार प्लगइन ओळीने लावले असतील, एक घरघर काढणारं, एक सळसळ दाबणारं, असे, तर पहिल्याचं उरकल्याशिवाय दुसऱ्याला हात लावता येत नाही. तिथे सोळा कोअर असले तरी पंधरा जण बघत उभे. हे कळल्यावर भरमसाट कोअरांवरून माझं मन उडालं. सहा कोअर, पण प्रत्येक चपळ, हे माझ्या कामाला पुरून उरणार होतं. व्हिडिओ रेंडर करणाऱ्याचं किंवा थ्रीडीवाल्याचं गणित याच्या उलट येईल. त्यांचं काम वाटून घेता येण्यासारखं असतं, तिथे जितके हात तितकं बरं.

शेपटातल्या अक्षरांचं आता सांगते. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर त्याला अंगचं ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड लावलं नाही तर पडदा काळाच राहणार. ‘के’ म्हणजे वेग वाढवायची मोकळीक, पण त्या खोक्यात कूलर येत नाही, तो वेगळा घ्यायचा. एएमडीकडे ‘जी’ म्हणजे अंगचं ग्राफिक्स दमदार, आणि ‘एक्सथ्रीडी’ म्हणजे कॅशेचा, प्रोसेसरच्या अंगच्या झटपट मेमरीचा, जादा थर, ज्यावर गेम खेळणारे जीव टाकतात. ही सगळी वेगवेगळी उत्पादनं वाटतात, पण बऱ्याचदा चिप आतून एकच असते. सिलिकॉनच्या चकतीवर एकाच वेळी शेकडो चिपा तयार होतात, त्यातल्या सगळ्या सारख्या उतरत नाहीत. एखादीचा एखादा कोअर नापास होतो, एखादी वरच्या वेगाला धरत नाही. मग चाचणी घेऊन प्रतवारी लावायची, नापास भाग बंद करायचा, आणि उरलेली चिप खालच्या नावाने विकायची. यात फसवाफसवी काही नाही. उलट मला यात एक काटकसर दिसते आणि ती आवडते. खालच्या प्रतीचा प्रोसेसर घेणारा दुय्यम माल घेत नसतो, त्याला जेवढं कबूल केलंय तेवढं ती चिप चोख देते.

मी रायझेन ५ ७६०० घेतला. ‘एफ’वाले सोडले तर सात हजारच्या त्या मालिकेत छोटंसं ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असतं. दोन पडदे आणि ध्वनीच्या लहरी दाखवायला ते भरपूर आहे. म्हणजे ग्राफिक्स कार्ड घ्यायचंच नाही. हे ऐकून भाच्याचा चेहरा असा पडला, की मला त्याची समजूत काढावी लागली: जागा ठेवतेय, वीज ठेवतेय, पुढे लागलं तर बसवू.

इथेही एक बारीक अक्षर होतं. खोक्यावर ६५ वॅट लिहिलेलं असतं. पण ६५ वॅटच्या या प्रोसेसरला सॉकेटमधून, म्हणजे मदरबोर्डावरच्या ज्या चौकटीत तो बसतो तिथून, प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत ओढायची मुभा असते. पहिला आकडा थंड करण्याच्या हिशेबाचा, दुसरा खरोखर खेचण्याचा. इंटेलकडेही मूळ आकडा आणि टर्बोचा, म्हणजे पूर्ण जोर लावतानाचा, आकडा यांत चांगलंच अंतर असतं. शांत यंत्र हवं असेल तर हा दुसरा आकडा बघायचा, कारण पंखा त्याच्या तालावर फिरतो. आणि त्यात एक गंमत आहे. चिपमध्ये खर्च होणारी वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. शेवटचा थोडासा वेग मिळवायला व्होल्टेज चढवावं लागतं, म्हणून तो शेवटचा घास भलताच महाग पडतो. उलट दिशेने गेलात तर बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, विजेची मर्यादा थोडी खाली ओढली की वेग जेमतेम कमी होतो आणि उष्णता मात्र दणकून उतरते. ओव्हरक्लॉकिंगबद्दल, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याबद्दल, जेवढं बोललं जातं त्याच्या पावपटही या उलट्या वाटेबद्दल कोणी बोलत नाही. कारण उघड आहे, ‘हळू चालवलं’ याची फुशारकी कशी मारणार?

सॉकेट ठरला की निम्मं लग्न लागलं. एएम४ सॉकेटवर रायझेन २०१७ मध्ये आले आणि त्याच सॉकेटसाठी २०२४ मध्येसुद्धा नवा प्रोसेसर निघाला. त्यामुळे जुन्या बोर्डांवर बायोस अपडेट करून लोक पिढ्यान्‌पिढ्या पुढे सरकले. इंटेलचा एलजीए १७०० हा २०२१ च्या अखेरीस आला, बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीला पुरला आणि २०२४ मध्ये पुढचा सॉकेट आला. एएम५ हा २०२२ चा. मी भविष्यावर फार पैसे लावणारी नाही. प्रोसेसर बदलायची वेळ येईपर्यंत बोर्डही बदलावासा वाटतो, हा बहुतेकांचा अनुभव. पण दोन गोष्टी सारख्याच किमतीच्या असतील तर ज्याच्यापुढे रस्ता आहे ती घ्यावी, इतपत मला कळतं.

या सगळ्या देवाणघेवाणीला मुळात मुभा का आहे, हाही विचार मनात येऊन गेला. १९८१ मध्ये आयबीएमने पीसी काढला तेव्हा घाईत बाहेरच्या कंपन्यांचे भाग वापरले आणि आतली रचना, अगदी आकृत्यांसकट, तांत्रिक पुस्तिकेत छापून टाकली. मग इतरांनी त्याला जुळणारी यंत्रं बनवली आणि आयबीएमच्या हातातून ती गोष्ट निसटली. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप ठरवलं: बोर्ड ३०५ गुणिले २४४ मिलिमीटर, स्क्रूंची भोकं ठरलेल्या जागी, मागच्या पोर्टांची खिडकी ठरलेल्या आकाराची. त्यानंतर आतलं जवळजवळ सगळं बदललं, पण भोकं आहेत तिथेच आहेत. एका कंपनीचं कॅबिनेट, दुसरीचा बोर्ड, तिसरीचा पॉवर सप्लाय, आणि स्क्रू बरोबर भोकात बसतो. एरवी एकमेकींचा गळा धरणाऱ्या कंपन्या इतकी वर्षं भोकांच्या जागेवर एकमत राखून आहेत, याचं मला फार कौतुक वाटतं.

मदरबोर्ड हा लोकांना कंटाळवाणा भाग वाटतो, कारण तो वेग वाढवत नाही. माझा मात्र सगळ्यात जास्त वेळ त्याच्यावरच गेला. पॉवर सप्लायकडून प्रोसेसरसाठी १२ व्होल्ट येतात. प्रोसेसरला लागतात साधारण १.२ व्होल्ट, कधी थोडे कमी, कधी थोडे जास्त. आता एखादा प्रोसेसर १२० वॅट खात असेल तर भागाकार करून बघा. १०० अँपिअर! तेही ४० मिलिमीटर लांब-रुंद चौकोनात. एवढा प्रवाह तिथे पोचवायचं काम सॉकेटच्या डाव्या-वरच्या अंगाला ओळीने बसलेल्या काळ्या-करड्या ठोकळ्यांचं. त्याला व्हीआरएम म्हणतात. कॉइल आणि त्यांच्यामागे ट्रान्झिस्टर, पाळीपाळीने चालू-बंद होत सेकंदाला लाखो वेळा १२ चे १.२ करत बसलेले. बोर्ड स्वस्तात काढायचा असला की कात्री पहिली इथे लागते: पाळ्या कमी, वर उष्णता पसरवणारा धातूचा ठोकळा नाही. मग भारी प्रोसेसर लावला की हे ठोकळे तापतात आणि स्वतःला वाचवायला बोर्ड प्रोसेसरचा वेग खाली आणतो. खोक्यावर मात्र ‘गेमिंग’ असं लखलखत असतंच. माझा प्रोसेसर साधा, त्यामुळे मला इथे फार खर्च करायची गरज नव्हती. पण धातूचा ठोकळा आहे की नाही, मागे पुरेसे यूएसबी आहेत का, आणि प्रोसेसर न लावता पेनड्राइव्हवरून बायोस बदलायचं बटण आहे का, हे तीन मुद्दे मी सोडले नाहीत. शेवटचा मुद्दा ऐकायला किरकोळ वाटतो. बोर्ड दुकानाच्या फळीवर कितीतरी महिने पडून असतो, प्रोसेसर त्याच्यानंतर बाजारात आलेला असतो, आणि जुना बायोस त्याला ओळखच देत नाही. अशा वेळी ते बटण देवासारखं धावून येतं.

रॅमच्या बाबतीत आकड्यांनी मला सगळ्यात जास्त खेळवलं. रॅमच्या नव्या पिढीची, डीडीआर५ ची, ६००० वेगाची पट्टी म्हणजे आधीच्या डीडीआर४ च्या ३२०० च्या जवळजवळ दुप्पट, असं वाटणं साहजिक आहे. शेजारी सीएल असा आणखी एक आकडा असतो, मागितल्यापासून माहिती यायला किती ठोके लागतात तो, एकीकडे ३० आणि दुसरीकडे १६. तो जितका लहान तितका चांगला म्हणतात. मग कोण पुढे? इथेही भागाकार करावा. सीएलला दोन हजाराने गुणायचं आणि वेगाने भागायचं, म्हणजे नॅनोसेकंद मिळतात. तीस गुणिले दोन हजार भागिले सहा हजार, दहा. सोळा गुणिले दोन हजार भागिले बत्तीसशे, तेही दहा. पहिला दाणा हातात पडायला दोन्हीकडे सारखाच वेळ लागतो. डीडीआर५ मध्ये पुढची रास वेगाने येते, इतकंच. अर्थात ते ‘इतकंच’ पुष्कळ कामांत मोठं असतं. पण हा भागाकार एकदा केला की रॅमच्या पाकिटावरच्या आकड्यांना माणूस दबत नाही.

रॅमचं खरं बारीक अक्षर वेगळंच आहे. माझा बेत असा होता, की आत्ता १६ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात आणि जमेल तेव्हा आणखी दोन टाकाव्यात. बोर्डावर चार खाचा आहेत, मग अडचण कसली? प्रोसेसरच्या अधिकृत माहितीत एक तक्ता असतो. त्यात लिहिलंय: दोन पट्ट्या असतील तर ५२००, चार असतील तर ३६००. खाचा चार दिल्यात, पण चारही भरल्या तर वेगाची हमी एवढी खाली. अनेकांच्या चार पट्ट्या त्याहून वेगाने चालतात, पण ते ज्याच्या त्याच्या नशिबावर. तेव्हा लागतील तेवढ्या दोनच पट्ट्यांत आणि एकदाच घ्याव्यात, हे उत्तम. मी ३२ च्या दोन घेतल्या आणि त्यासाठी दुसरीकडे हात आखडता घेतला. त्या दोन पट्ट्या कुठल्याही खाचेत टाकून चालत नाही, हेही आलंच. बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजत दुसरी आणि चौथी.

एसएसडीवर, म्हणजे फाइली साठवणाऱ्या डिस्कवर, मी फार वेळ घालवला नाही. साटा या जुन्या जोडणीची एसएसडी सेकंदाला ५५० मेगाबाइटच्या आसपास थांबते, एम.२ स्लॉटमध्ये बसणारी चौथ्या पिढीची एनव्हीएमई सात हजारांपर्यंत जाते, पाचव्या पिढीची त्याच्याही दुप्पट. हे आकडे सलग मोठी फाइल वाचतानाचे. प्रोग्रॅम उघडताना यंत्र चिल्लर वाचन करत असतं, चार-चार किलोबाइट इकडून तिकडून. तिथे सात हजारवाली बाईसुद्धा शंभराच्या आतबाहेर घुटमळते. म्हणून पाचव्या पिढीच्या वाटेला गेले नाही. झिजण्याची भीतीही लोक उगाच घेतात. एक टेराबाइटच्या चांगल्या एसएसडीला ६०० टेराबाइट लिहिण्याची हमी सर्रास असते. पाच वर्षांत ती संपवायची तर रोज सव्वातीनशे जीबी लिहावं लागेल. मी दिवसभर बडबडणाऱ्या माणसांची रेकॉर्डिंग साठवते, तरी त्याच्या जवळपासही जात नाही.

पॉवर सप्लाय, ज्याला सगळे एसएमपीएस म्हणतात, त्याच्याबाबतीत मात्र मी हट्टी होते. बाकी कुठलाही भाग बिघडला तर एकटा मरतो; हा मरताना शेजाऱ्यांनाही सोबत नेऊ शकतो. आणि नेमका हाच भाग लोक उरलेल्या पैशांत घेतात. त्याच्यावर ब्रॉन्झ, गोल्ड, प्लॅटिनम अशी पदकं असतात. ८० प्लस नावाची ही योजना २००४ पासूनची. ती सांगते फक्त एक गोष्ट: भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती वाया जाते. गोल्ड म्हणजे निम्म्या भारावर साधारण ९० टक्के कामाला येते. म्हणजे आतल्या भागांनी ३०० वॅट मागितले तर भिंतीतून ३३३ जातात आणि ३३ ची उष्णता होते. (पाचशे वॅटचा असेल तर ऐंशी टक्क्यांनी चारशेच देतो, हा समज चुकीचा आहे. पाचशे म्हणजे द्यायचे पाचशे. वाया जाणारे त्याच्या वरचे.) पण शॉर्ट सर्किट झालं तर तो वेळेत बंद होतो का, व्होल्टेज स्थिर राहतं का, आतले कपॅसिटर कसल्या प्रतीचे आहेत, याबद्दल ते पदक अवाक्षर काढत नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा असा माल यातही असतो. मग काय बघायचं? कोणीतरी उघडून, भार टाकून, ऑसिलोस्कोप लावून केलेली तपासणी बघायची, आणि वॉरंटी किती वर्षांची आहे ते. दहा वर्षांची हमी देणारा निर्माता स्वतःच्या मालाबद्दल काहीतरी जाणून असतो.

माझं यंत्र सव्वाशे-दीडशे वॅटच्या वर जाणं कठीण, तरी मी ६५० चा घेतला. यात दोन हिशेब होते. पुढेमागे कार्ड बसवायचं झालं तर जागा हवी. कार्ड स्लॉटमधून ७५ वॅट घेऊ शकतं, आठ पिनच्या प्रत्येक केबलीतून आणखी १५०, आणि क्षणभरासाठी याच्याही पुढे उसळी मारतं. त्या उसळ्यांमुळेच २०२२ च्या एटीएक्स ३.० नियमांत मोठ्या पॉवर सप्लायना १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसायची अट घातली गेली. दुसरा हिशेब माझा स्वतःचा: या पॉवर सप्लायचा पंखा कमी भारावर फिरतच नाही.

आवाजाचा प्रश्न शेवटी कॅबिनेटपाशी येऊन ठेपला. समोर काच, काचेच्या आत रंगीत दिवे, असली कॅबिनेटं फोटोत फार देखणी दिसतात. पण काचेतून हवा जात नाही. पंखे कडेच्या फटीतून हवा ओढत राहतात आणि त्याचीच शिट्टी वाजते. मी पुढून जाळीचं घेतलं आणि १४० मिलिमीटरचे पंखे लावले, कारण मोठं पातं सावकाश फिरूनही तितकीच हवा ढकलतं. इथे पट्टी घेऊन बसावं लागतं. कॅबिनेटमध्ये कूलर १६० मिलिमीटर उंचीपर्यंत बसतो असं लिहिलेलं, आणि मला आवडलेला कूलर १६५. पाच मिलिमीटरसाठी बाजूचं झाकण लागणार नाही. कार्डाच्या लांबीचंही तसंच. ‘३३० मिलिमीटरपर्यंत’ असं छापलेलं असतं, पण ते पुढच्या बाजूला काही नसताना. तिथे पाण्याने थंड करणाऱ्या कूलरचा रेडिएटर लावला की त्याचे २७ आणि पंख्याचे २५, असे ५२ मिलिमीटर गेलेच. दिव्यांच्या नादी लागणाऱ्यांसाठी एकच: बोर्डावर दिव्यांची केबल जोडायचा तीन पिनचा हेडर ५ व्होल्टचा असतो आणि चार पिनचा १२ चा. ५ व्होल्टची दिव्यांची पट्टी १२ वर जबरदस्तीने बसवली तर ती जळते.

या यादीचा एक स्वभाव असतो, तो सांगायला हवा. ती कधी खाली येत नाही. सहा कोअरच्या जरा वर आठ कोअर आहे. तो घेतला तर बोर्डही जरा बरा हवा. बोर्ड बरा घेतला तर त्यात साधी रॅम कशाला? प्रत्येक वेळी फरक थोडाच असतो आणि प्रत्येक वेळी युक्तिवाद बिनतोड असतो. भाचा यात पटाईत. “मावशी, एवढं करतेयस तर...” इथून त्याची वाक्यं सुरू होतात. यावर मी काढलेला उपाय अगदी रुक्ष होता. तक्त्यात प्रत्येक भागापुढे एक रकाना ठेवला: या जादा पैशांनी माझ्या कुठल्या फाइलचं कुठलं काम किती लवकर होईल? उत्तर लिहिता आलं नाही तर पायरी चढायची नाही. बहुतेक रकाने रिकामेच राहिले. दुसरा मोह थांबण्याचा. पुढची मालिका येतेय म्हणतात, भाव उतरतील म्हणतात. ती मालिका आली की तिच्या पुढचीची कुजबुज सुरू होते. काम अडलेलं असेल तर घ्यावं, अडलं नसेल तर विषयच नाही.

जोडणीबद्दल खूप लिहिलं गेलंय, त्यामुळे त्यातला एकच क्षण. एएम५ च्या सॉकेटमध्ये १७१८ बारीक पिना असतात, केसाइतक्या नाजूक, सगळ्या एका दिशेला किंचित कललेल्या. एएम४ मध्ये त्या प्रोसेसरच्या पोटाला असायच्या, आता बोर्डावर आल्यात, म्हणजे वाकल्या तर बोर्डच गेला. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवून तो नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. दाबतो तो दांडा. आणि तो दाबताना लागणारा जोर इतका असतो, की काहीतरी मोडतंय असंच वाटतं. अर्ध्या वाटेवर ‘कट्’ असा आवाज आला आणि काळी प्लॅस्टिकची टोपी उडून टेबलावर पडली. “तीच ती, उडायचीच असते,” भाचा म्हणाला. ती टोपी जपून ठेवायची. बोर्ड दुरुस्तीला पाठवायची वेळ आली तर सॉकेटवर तीच लावून पाठवतात.

पहिल्यांदा चालू केल्यावर पंखे फिरले आणि पडदा काळाच राहिला. डीडीआर५ चं हे वागणं आधी वाचलेलं होतं, म्हणून हात मागे घेतला. बोर्ड पहिल्या वेळी रॅमच्या प्रत्येक तारेवरचा विलंब मोजतो, व्होल्टेज जुळवतो, आणि त्याला काही मिनिटंही लागतात. ज्यांना हे ठाऊक नसतं ते मध्येच बंद करतात, परत चालू करतात, आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. थोड्या वेळाने बायोसचा पडदा आला. रॅम ४८०० वर चालत होती. पाकिटावर ६००० लिहिलेलं असलं तरी ती आपोआप त्या वेगाने चालत नाही. बायोसमध्ये जाऊन एक्स्पो नावाचा पर्याय चालू करावा लागतो, इंटेलच्या बोर्डांवर त्याला एक्सएमपी म्हणतात. कित्येक लोक वेगवान रॅमचे पैसे देऊन वर्षानुवर्षं सावकाश चालवत असतात. मी तो पर्याय चालू केला, प्रोसेसरची मर्यादा खाली ओढली, पंख्यांचा आलेख सपाट केला. मग एक लांबलचक रेकॉर्डिंग उघडलं, त्यावर घरघर काढणारं प्लगइन लावलं आणि हेडफोन काढून टेबलाखाली कान दिला. भाचा म्हणाला, चालू आहे ना?

मॉड्युलर, म्हणजे सुट्या केबलींच्या, पॉवर सप्लायसोबत आलेल्या निम्म्याअधिक केबली उरल्या. त्या एका पिशवीत भरून पिशवीवर पॉवर सप्लायचं पूर्ण मॉडेल मार्करने लिहून ठेवलंय. केबलीचं भागांकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण पॉवर सप्लायकडच्या टोकाला कुठल्या पिनवर किती व्होल्ट याचा सर्वांनी पाळलेला नियम नाही. दुसऱ्या कंपनीची केबल तिथे आरामात बसते, आणि मग ५ व्होल्टच्या जागी १२ जाऊन डिस्क जळू शकते. भाच्याने त्याच्या केबलींच्या पिशवीवर अजून काही लिहिलेलं नाही. मार्कर त्याला दिलाय.